जास्तीचा ‘ह’

९ जानेवारी, सोमवार

‘बिक्कट्टु’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचं चित्रीकरण आज केंगेरीच्या स्टुडिओत सुरू झालं. म्हणून ही नवी वहीही आजच सुरू करतो.

बिक्कट्टु म्हणजे संकट. पहिल्या पर्वात नायिका सुनेत्रा मुख्यमंत्र्यांची संकटं निस्तरत होती. धरणाला भेग पडो की आमदार रिसॉर्टमधून पळोत, फोन तिलाच जायचा. या पर्वात ती स्वतः मुख्यमंत्री होणार आहे. आधीची सुनेत्रा लग्न करून सिंगापूरला गेली, त्यामुळे केरळहून अंबिली मेनन यांना आणलं आहे. त्यांना कन्नड थोडंफार समजतं, वाचता अजिबात येत नाही.

माझंही काम बदललं. आजवर मी संवादलेखक हिरेमठ सरांच्या कागदांच्या स्वच्छ प्रती काढायचो. माझ्या प्रतीत चूक सापडत नाही, हे सर स्वतः लोकांना सांगतात. आता मी प्रॉम्प्टर आहे. बारक्या माईकमध्ये हळू आवाजात वाक्य म्हणायचं. ते फक्त अंबिली मॅडमच्या कानातल्या बटणात ऐकू जातं आणि त्या ते जसंच्या तसं बोलतात.

होकार दिला, पण एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. आमच्या नागमंगलकडे बोलताना ‘ह’ गळतो. हक्कि म्हणजे पाखरू, अक्कि म्हणजे तांदूळ. आम्ही दोन्हींना अक्कि म्हणतो. इतरांना फरक ऐकू येतो, मला येत नाही. मला तो लिहिलेला असला तरच दिसतो. पीयूसीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे अकरावीत, मला धडा मोठ्याने वाचायला उभं केलं आणि आभाळातून तांदूळ उडत गेले. वर्ग इतका हसला की मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही. मात्र तेव्हापासून ‘ह’वाले शब्द एका वहीत उतरवत गेलो. आज ४१२ आहेत. सगळे पाठ आहेत.

१२ जानेवारी

सहा प्रसंग झाले. मी वाक्य म्हणताना थोडा अभिनय करत होतो. दुसऱ्या प्रसंगानंतर अंबिली मॅडमनी बोलावलं.

“चेलुवराजू, तू कानात रडतो. मग मी काय करू?”

“सॉरी मॅडम.”

“तू शब्द दे. रडणं माझं काम. आणि मॅडम नको. चेची म्हण.”

चेची म्हणजे त्यांच्याकडे थोरली बहीण. पण सेटवर तसं म्हणणं बरं दिसणार नाही. मी मॅडमच म्हणणार आहे.

त्यांचा कान विलक्षण आहे. मी खोकलो तर त्याही खोकतील अशी भीती वाटते.

१९ जानेवारी

आज लाज गेली. विधानसभेचा प्रसंग होता. ‘हा जनतेचा हक्क आहे’ असं वाक्य. कन्नडमध्ये शब्द हक्कु, माझ्या यादीत क्रमांक ३७. मॅडम “अक्कु” म्हणाल्या, कारण मी तसं म्हणालो असणार. दिग्दर्शक रघुनंदन सरांनी कॅमेरा थांबवला आणि माझ्याकडे आले.

“काय रे, हा अक्कु कुठल्या दुकानात मिळतो? मलाही पाव किलो आण.”

आमदार झालेले साठ लोक हसले.

“माफ करा सर.”

“माफी ठेव तुझ्याकडे. ह दे, ह.”

आता यापुढे एकही ‘ह’ सुटू द्यायचा नाही. काहीही झालं तरी.

२४ जानेवारी, मंगळवार

पर्वातला सगळ्यात मोठा प्रसंग आज झाला. शपथविधी. दोनशे माणसं, दगडी पायऱ्या, तीन कॅमेरे. सुनेत्रा पायऱ्यांवर उभी राहते आणि एकच वाक्य बोलते: “नानु आळुववळल्ल, निम्म आळु.” मी राज्य करणारी नव्हे, तुमची चाकर आहे. आळु म्हणजे राज्य करणं आणि आळु म्हणजे चाकरही. हे वाक्य सुचलं त्या दिवशी हिरेमठ सरांनी सगळ्यांना कॉफी पाजली होती. “एकाच शब्दात राजा बी आणि गडी बी,” असं दिवसभर म्हणत होते. सर गदगचे. त्यांच्या बोलण्यात ‘ह’ असा ठसठशीत येतो की मला हेवा वाटतो.

नेमके सर आज आले नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, “ताप चढलाय की रे. तू आहेस न्हवं, बघून घे.” मागे बँड वाजत होता. शेजारी लग्न असावं. तापात बिचाऱ्यांना झोपही मिळाली नसेल.

मी डाव्या तळहातावर शाईने मोठा ‘ह’ काढून ठेवला होता. त्यामुळे सबंध दिवसात रघु सरांनी मला एकदाही टोकलं नाही. मोठं वाक्य पहिल्याच टेकला ओके झालं. पायऱ्या उतरताना मॅडमनी माझ्याकडे किंचित थांबून पाहिलं. मला वाटतं, त्यांना समाधान वाटलं.

२ फेब्रुवारी, गुरुवार

काल पर्वाची झलक वाहिनीवर लागली. आज सकाळी तट्टे इडलीच्या गाड्यावर दोघेजण मोबाईल बघत हसत होते.

एकजण म्हणाला, “पहिल्यांदाच कुठला पुढारी खरं बोलला गुरू.”

मी वाकून पाहिलं. आमच्याच पायऱ्या. अंबिली मॅडम हात जोडून ते वाक्य म्हणत होत्या. मी तीन वेळा ऐकलं. मला त्यात काहीच वावगं ऐकू आलं नाही. मग खाली लोकांनी लिहिलेलं वाचलं आणि बशी तशीच ठेवून निघालो.

त्या “निम्म हाळु” म्हणाल्या आहेत.

हाळु म्हणजे नाश. ‘मी राज्य करणारी नव्हे, तुमचा सत्यानाश आहे.’

‘आळु’ माझ्या यादीत नाही. कारण त्याला ‘ह’ नाहीच. ‘हाळु’ आहे, क्रमांक २०३. तळहातावरची शाई केव्हाच धुतली गेली आहे, तरी मी आज दिवसभर मूठ मिटूनच होतो.

३ फेब्रुवारी

स्टुडिओत बैठक. वाहिनीच्या सुचरिता मॅडम आल्या होत्या. एका भाषा संघटनेने पत्रक काढलं आहे की परप्रांतातली नटी आणून कन्नडची आणि कर्नाटकाची मुद्दाम चेष्टा केली. दोन जाहिराती थांबल्या आहेत.

ही चूक झाली कशी, कोणी पकडली का नाही, असं सुचरिता मॅडमनी विचारलं. ध्वनिमुद्रण करणारा तमिळ. झलक कापणारा मुंबईत बसतो. रघु सर गर्दी सांभाळत होते. मग रघु सर म्हणाले, “प्रॉम्प्टची वही आणा.”

मी आणली. सरांनी पान उघडलं, बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

“हे बघा. स्वच्छ अक्षरात ‘आळु’ लिहिलंय. आमचा कागद बरोबर आहे. चूक झाली ती बोलताना.”

सगळ्यांनी अंबिली मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “माझंच ऐकण्यात चुकलं असेल.”

मी माईकमध्ये काय म्हणालो ते कुठेच मुद्रित होत नाही. ते फक्त त्यांच्या कानात जातं.

मी काहीच बोललो नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

४ फेब्रुवारी

ठरलं. नवी सुनेत्रा शोधायची. झालेले अकरा भाग पुन्हा चित्रित करायचे. गुरुवारी संघटनेचे लोक येतील, त्यांच्यासमोर तसं जाहीर करायचं.

दुपारी हिरेमठ सरांनी मला कॅन्टीनच्या मागे नेलं. एक कॉफी दोघांत घेतली. मी त्यांना सगळं सांगितलं. यादी, तळहात, सगळं.

“गप बस,” ते म्हणाले.

“पण सर, तुम्हीच लिहिलंय. तिसऱ्या भागात सुनेत्रा म्हणते, संकटात पहिल्या तासाला खरं सांगा, नाहीतर दुसऱ्या तासाला दुसरं कोणीतरी तुमच्या वतीने खोटं सांगेल.”

“ते टीव्हीवरचं रे बाबा. सुनेत्राची नोकरी माझ्या हातात आहे. तुझी न्हाई.” त्यांनी कपातला तळ बघितला. “आणि एकदा चौकशी सुरू झाली की मग कोण कुठं होतं, कोण आलं न्हवतं, सगळंच निघतंय. कुणाचं भलं हाय त्यात?”

तापाने आजारी माणसाला कोण काय म्हणणार, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी रिकामाच कप पुन्हा तोंडाला लावला. मला वाचवण्यासाठी इतका विचार करतात.

पण तिसऱ्या भागाची ती प्रत मी माझ्या हाताने काढली आहे. ते वाक्य खरं असेल असं समजूनच काढली होती.

६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी अंबिली मॅडमच्या भाड्याच्या घरी गेलो. दोन बॅगा दाराजवळ उभ्या होत्या. त्यांनी बिनदुधाचा चहा केला, केळ्याचे काप पुढे ठेवले. मी उभ्यानेच सांगून टाकलं की चूक माझी होती.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“कधीपासून?”

“तेव्हाच. आमच्यात आळ् म्हणजे माणूस. आपला माणूस. मला वाटलं, वा, आज पहिल्यांदा वाक्य पूर्ण कळलं. मग तू कानात ह घातलास. मी म्हटलं, कन्नडमध्ये तसं असेल. पायरीवर थांबून तुला विचारणार होते. तू इतका खूश दिसलास.”

“मग बैठकीत का नाही सांगितलंत?”

“तुझी वही बरोबर होती. माझ्याकडे काय? कान.” त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. “तुला काढलं तर परत गावी जावं लागेल. मला काय, दहा कामं येतील.”

हे ऐकून जरा हायसं वाटलं. त्यांचा फोन समोरच होता. तासाभरात तो एकदाही वाजला नाही, त्यामुळे निवांत बोलता आलं.

तरी मी त्यांना सांगून आलो की गुरुवारी मी बोलणार. त्या म्हणाल्या, “बोलू नको.” मी म्हणालो, “बोलणार, चेची.” तोंडातून गेलंच ते.

७ फेब्रुवारी

रघु सरांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“चेलुवराजू, तुझी वही आमचा एकमेव पुरावा आहे. आणि तू म्हणतोस तो खोटा?”

“वही खरी आहे सर. जीभ चुकली.”

“कोण मानेल? लोक म्हणतील, नटीला वाचवायला गरीब पोराच्या गळ्यात घातलं. नको. तू त्या खोलीत यायचंच नाही.”

खोलीत कॉफी कोण नेतं ते मी कॅन्टीनमध्ये विचारून आलो.

९ फेब्रुवारी, गुरुवार

जसं घडलं तसं क्रमाने लिहितो.

संघटनेचे नऊजण आले. गळ्यात लाल-पिवळे पट्टे. पुढारी निंगेगौडा, साठीचे, मिशी पांढरी, आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यांनी बसल्या बसल्या बजावलं, “कन्नड हाळु माडबेडि.” कन्नडचा नाश करू नका. मी ते इथे बिनचूक लिहिलं आहे. पण ते बोलले तेव्हा रघु सर खाली बघून खोकले आणि सुचरिता मॅडमनी रुमाल तोंडाला लावला. का ते मला कळलं नाही. अंबिली चेची कोपऱ्यात बसल्या होत्या, त्या मात्र एकदम मान वर करून गौडांकडे बघू लागल्या.

मी कॉफीचा ट्रे ठेवला आणि तिथेच उभा राहिलो.

“ती चूक या बाईंची नाही. मी कानात चुकीचं सांगितलं. मी प्रॉम्प्टर.”

रघु सर म्हणाले, “हा भावनेच्या भरात बोलतोय. वही बघा, वहीत बरोबर आहे.”

“वही बरोबरच आहे,” मी म्हणालो. “मी वाचून दाखवतो. मग ठरवा.”

वही कमरेला खोचून आणली होती. शपथविधीचं पान उघडलं आणि वाचायला लागलो. दुसऱ्याच ओळीला गौडांच्या बाजूचा एक तरुण फिसकन हसला. चौथ्या ओळीला चौघे हसत होते. मी थांबलो नाही. ‘ह’ कुठे गेला, कुठे नको तिथे आला, मला कळत नव्हतं. लोकांच्या तोंडांवरून अंदाज येत होता. पान संपेपर्यंत वाचलं. शेवटचं वाक्यही वाचलं.

हिरेमठ सरांनी डोक्याला हात लावला. सुचरिता मॅडम हळूच म्हणाल्या, “देवा.”

हसले नव्हते ते एकटे निंगेगौडा. त्यांनी तरुणाकडे वळून पाहिलं. तो गप्प झाला.

“कुठला रं तू?” त्यांनी मला विचारलं.

“नागमंगल तालुका. बिंडिगनविलेच्या जवळ.”

“मी मद्दूरचा.” मद्दूर आमच्याच जिल्ह्यात येतं. “पुन्यांदा म्हण ते शेवटचं.”

मी म्हणालो.

“मग यात चुकलं काय?”

त्यांचीच माणसं पंख्याकडे बघत होती. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की गौडांनाही ‘ह’ ऐकू येत नाही.

हिरेमठ सर उठले. त्यांनी माझ्या खिशातून पेन घेतलं, कागदावर दोन्ही शब्द मोठ्या अक्षरात एकाखाली एक लिहिले आणि गौडांसमोर ठेवले. गौडांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

मग म्हणाले, “माझ्या बापाची जीभ बी अशीच होती. शेतात कुणी हसलं न्हाई त्याला.”

त्यानंतर त्यांनी हिरेमठ सरांना विचारलं, “वाक्य तुमचं. त्या दिवशी तुम्ही कुठं होता?”

“लग्नाला,” सर म्हणाले. “पुतणीच्या.”

ताप अंगावर घेऊन गेले म्हणजे.

शेवटी गौडांनी निवाडा दिला. बाई राहील. तेच वाक्य, त्याच पायऱ्यांवर, आमच्यासमोर पुन्हा घ्यायचं. एकदाच. बरोबर आलं तर आम्ही टाळ्या वाजवून जाऊ. पुन्हा तेच झालं तर बाई बी नको आणि मालिका बी नको.

रघु सर लगेच म्हणाले, “दुसरा प्रॉम्प्टर आणू.”

अंबिली चेची म्हणाल्या, “हा हवा.”

“अहो मॅडम, आत्ता ऐकलंत ना तुम्ही याला?”

“ऐकलं. कानात नको याला. लिहू दे.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “माझी अक्षरं शिकशील?”

२१ तारीख ठरली आहे. बारा दिवस.

११ फेब्रुवारी

मल्याळम अक्षरं सगळी गोल आहेत. जिलेबीवर जिलेबी. कन्नडही गोल, पण आमचे गोल वेगळीकडे फुटतात. आज स्वर संपवले. त्यांच्याकडेही ‘ह’ला स्वतंत्र अक्षर आहे. ते सगळ्यात आधी शिकून घेतलं. ‘ळ’ही आहे.

१५ फेब्रुवारी

चेचींना दहा पाट्या लिहून दाखवल्या. शब्द कन्नड, अक्षरं मल्याळम. त्यांनी भराभर वाचल्या आणि सातव्या पाटीवर थांबल्या.

“इथे तू मला बैल म्हटलंय.”

वेलांटी चुकली होती. दहाही पाट्या पुन्हा लिहिल्या.

गावाहून आईचा, अव्वाचा, फोन आला होता. मल्याळम शिकतोय म्हटल्यावर म्हणाली, “पोरा, पीयूसी सोडलास तेव्हा काय म्हणालास? शिकणं आपल्याला जमत नाही म्हणून.”

मी म्हणालो, ते बोलण्याचं होतं. हे लिहिण्याचं आहे.

१९ फेब्रुवारी

अकरा भागांतले चेचींचे सगळे संवाद नव्या अक्षरात उतरवून झाले. एकूण २१८ पाट्या. प्रत्येक दोनदा तपासली. रघु सर येऊन एक पाटी उलटीच धरून म्हणाले, “छान आहे.”

२१ फेब्रुवारी, मंगळवार

पायऱ्यांवर पुन्हा दोनशे माणसं. पहिल्या रांगेत खुर्च्या टाकून संघटनेचे नऊजण. हिरेमठ सर सकाळी सातलाच हजर होते.

रघु सरांनी मला मुख्य कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला उभं केलं. चेचींच्या कानात आज बटण नव्हतं. पाटी मी छातीशी धरली. हात हलू नयेत म्हणून कोपरं बरगड्यांना दाबून धरली. माझ्या शेजारीच गौडांची खुर्ची होती.

चेची पायऱ्या उतरून मधल्या पायरीवर आल्या. गर्दी शांत झाली. त्यांनी पाटीकडे पाहिलं, पण बघणाऱ्याला वाटावं की त्या लोकांकडेच बघताहेत. मग पाटीवरून नजर काढून त्यांनी सरळ गौडांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाक्य म्हटलं. घाई न करता. शेवटच्या शब्दाआधी त्यांनी श्वास घेतला. मी तो कधी सांगितला नव्हता.

रघु सर “कट” म्हणाले. निवाडा गौडांचा होता. दोनशे माणसं, तीन कॅमेरेवाले, सुचरिता मॅडम, सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. हिरेमठ सरांनी तोंडावर हात धरला होता, त्यामुळे त्यांच्याकडे बघूनही मला काही समजेना.

गौडा समोर बघत बसले. मग मान न वळवता, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, “आलं का रं बरोबर?”

“मलाही ऐकू येत नाही, गौड्रे,” मी म्हणालो. “पण पाटीवर बरोबर लिहिलंय. मी लिहिलंय.”

त्यांनी पाटीकडे पाहिलं. त्यातलं एकही अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. खालून वरपर्यंत ती नीट न्याहाळली, गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि टाळ्या वाजवायला लागले.